आयुष्यभराचं तेल

"आयुष्यभर या शब्दावर अपील चालत नाही," न्यायमूर्ती म्हणाले, आणि त्याच क्षणी कुकरचं हँडल त्यांच्या हातात आलं.

कुकर शेगडीवरच राहिला. हँडल न्यायमूर्तींच्या मुठीत, छातीच्या उंचीवर, राजदंड धरावा तसं. त्यावर ठसठशीत अक्षरं होती: 'आयुष्यभराची हमी'. न्यायमूर्तींनी चष्मा नाकावर घेतला, अक्षरं वाचली आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने, म्हणजे सिस्टरांनी, ओट्यावरचं फडकं घेतलं, कुकर फडक्याने धरून खाली उतरवला आणि एक अक्षर काढलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठे बोलावं यापेक्षा कुठे बोलायची गरजच नाही, हे जास्त चांगलं कळायला लागतं.

"हे प्रकरण वेगळं आहे," न्यायमूर्ती म्हणाले. "मी कंपनीला लिहितो. उत्तर येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. पुरावा आहे हा." असं म्हणून त्यांनी हँडल जाकिटाच्या खिशात घातलं. न्यायमूर्ती घरातही जाकीट घालत. निवृत्त माणसाला खिसे लागतात; बाकी सगळं काढून घेतलेलं असतं.

न्यायमूर्ती हे त्यांचं नाव नव्हे, आणि खरं सांगायचं तर हुद्दाही नव्हे. ते ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका छोट्या न्यायालयात होते. बंद पडलेले फ्रीज, पहिल्याच धुण्यात आटलेले सदरे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या यांना न्याय देण्यात त्यांची हयात गेली. न्यायमूर्ती हे नाव सासूबाईंनी टोमणा म्हणून ठेवलं होतं. त्यांनी ते पदवी म्हणून स्वीकारलं. टोमण्याचा इतका पूर्ण पराभव सासूबाईंनी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

या कारकिर्दीत त्यांचा एकच निकाल गाजला. एका केस कापणाऱ्याने आपल्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि काही दिवसांत गिअरबॉक्स बसला. कंपनी म्हणाली, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, तुम्हाला हात लावायला सांगितलं कोणी? केस कापणारा म्हणाला, तेल जळून कोळसा झालं होतं, बदलू नको तर काय करू? न्यायमूर्तींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि 'आयुष्यभर या शब्दावर अपील चालत नाही' हे वाक्य उच्चारलं, जे पुढे कंपनीने चौकटीत घालून आपल्या शोरूममध्ये लावलं. केस कापणारा हरला. तेव्हापासून न्यायमूर्ती केस कापायला दोन वस्त्या पलीकडे जात. शेजारच्या वस्तराधारी माणसाविरुद्ध निकाल द्यायचा आणि पुढच्या रविवारी त्याच्यासमोर मान वाकवून बसायचं, इतका कायद्यावर विश्वास त्यांचासुद्धा नव्हता.

त्याच कंपनीची, तसलाच गिअरबॉक्स असलेली गाडी न्यायमूर्तींच्या दारात उभी होती. जुनी होती, पण लोण्यासारखी चालत होती. कोणी पाहुणा आला, की चहा व्हायच्या आधी त्याला गाडीतून एक चक्कर घडे. "कळला गिअर बदललेला? नाही ना? मूळचं तेल आहे. एक थेंब बदललेला नाही." पाहुणा मान डोलवे. मागच्या सीटवर सिस्टर खिडकीबाहेर पाहत बसत. बाहेर पाहण्यासारखं काही नसे.

कारण ते तेल सिस्टर गुपचूप बदलून आणत होत्या. एकदा नव्हे, गेली कित्येक वर्षं.

सिस्टर इस्पितळात डायलिसिस विभागाच्या प्रमुख होत्या. रक्त शरीरातून बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं, हे त्यांचं रोजचं काम. खुर्च्यांवर ओळीने टेकून बसलेल्या माणसांकडे पाहून त्यांना नेहमी वाटे, यांनाही कारखान्यातून सगळं भरून, सील करूनच पाठवलं होतं. आयुष्यभरासाठी. जन्माच्या वेळी कोणाच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं, की पुढे दिवसाआड इथे यावं लागेल. जे गोल गोल फिरतं ते गढूळ होतं, एवढं एकच शास्त्र सिस्टर शिकल्या होत्या, आणि ते त्यांना पुरलं होतं. गाडीने एकदा चढावर किंचित धक्का दिला, तशी त्यांनी दुसऱ्याच दिवशी कामावर जाताना गाडी गॅरेजकडे वळवली. घरी सांगितलं, धुवायला दिलीय.

सांगून का टाकलं नाही? सांगणार होत्या. पण त्याच संध्याकाळी न्यायमूर्ती एका पाहुण्याला चक्कर मारून आले आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की सिस्टरांना बोलवेना. या माणसाने हजारो निकाल दिले, त्यातला एकच लोकांच्या लक्षात राहिला. तो काढून घ्यायचा म्हणजे म्हाताऱ्याची कवळी काढून घेण्यासारखं. माणूस जगतो, पण हसायचं थांबतो.

गॅरेजवाल्याला सगळे बघाबुवा म्हणत. जाडजूड, मऊ आवाजाचा माणूस, प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी "बघा बुवा, तुमच्यावर आहे" म्हणायची सवय. इतक्या वर्षांत त्याने एकही सल्ला दिला नव्हता आणि त्यामुळे तो एकदाही चुकला नव्हता. दर वेळी गाडीखालून तोंड बाहेर काढून तो म्हणे, "सिस्टर, तेल चांगलंच आहे हो. अजून नव्यासारखं लालच आहे. बदलायलाच हवं का?"

"बदला," सिस्टर म्हणत, आणि मनात आपल्या नवऱ्याच्या गाडी चालवण्याचं कौतुक करत. न्यायमूर्ती इतकं हळू चालवत, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. तेल काळं पडायला काही घडावं तर लागतं.

"आणि साहेबांना कळता कामा नये."

"छे," बघाबुवा म्हणे, आणि त्याच्या चेहऱ्यावर पोट दुखत असल्यासारखा एक भाव येई. सिस्टरांना तो प्रामाणिकपणा वाटे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कुकरचं हँडल निघालं त्याच दिवशी लेकीचा फोन आला.

लेक जनावरांची डॉक्टर होती. डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरून गाईम्हशी तपासायची. गाडी तिचीही तीच, बाबांचं पाहून घेतलेली, आणि बाबांचं ऐकून आजवर तिच्या गिअरबॉक्सला कोणी हात लावलेला नव्हता. न्यायमूर्तींनी फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. त्या घरात कुठलाही प्रश्न सुनावणीशिवाय सुटत नसे. आधी तक्रार, मग दुसरी बाजू, मग चहा, मग निकाल. निकालाविरुद्ध दाद फक्त स्वयंपाकघरात मागता येई, आणि तिथे तो बहुतेक वेळा फिरे.

"बाबा, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का देते," लेक म्हणाली. "आणि काल चढावर थांबले होते. निघायला गेले तर गाडी आधी मागे आली, मग जरा विचार केला आणि मग पुढे गेली. मागे दुधाचा टँकर होता."

सिस्टरांच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"टँकर किती अंतरावर होता?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"बाबा, मी टेप घेऊन उतरले नाही."

"पुस्तिकेत काय म्हटलंय?"

"आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, बदलण्याची आवश्यकता नाही."

"मग?"

"मग काय, तुम्हीच म्हणता ना. तुमची गाडी माझ्या गाडीहून जुनी, एक थेंब बदलला नाही, आणि कशी पळते. म्हणजे तेलाचा दोष नसणार, माझंच काहीतरी चुकत असेल. इथला गॅरेजवाला म्हणतो, बदला. दुसरा म्हणतो, इतक्या वर्षांत बदललं नाही तर आता मुळीच बदलू नका, जुन्या घाणीनेच सगळं धरून ठेवलंय, नवीन तेल घातलंत तर गिअरबॉक्सच्या आतल्या पट्ट्या सुटतील."

"घाणीनेच धरून ठेवलंय," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या इस्पितळाचा कारभारही तसाच आहे. अगं, बदलून टाक."

"साक्षीदाराने मध्ये बोलू नये," न्यायमूर्ती म्हणाले, पण आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मग फोनकडे वाकून म्हणाले, "तू एकदा इकडे ये बघू. दोन दिवस राहा. गाडी स्वच्छ धुवून घेऊ."

"सारखं काय धुवून घेऊ, धुवून घेऊ. मागच्या महिन्यातही तेच. माझी गाडी शेणामातीतच फिरते, बाबा."

"म्हणूनच म्हणतो."

म्हाताऱ्याला स्वच्छतेचं नवीनच वेड लागलंय, सिस्टरांच्या मनात आलं. पण आत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर टँकर होता. मागे येणारी गाडी, मागून चढत असलेला टँकर, आणि मध्ये त्यांची पोर, जी बापाच्या शब्दाखातर धक्के खात होती. आणि बापाच्या शब्दाला आधार काय, तर आईने गुपचूप घातलेलं तेल. सिस्टरांनी नवऱ्याचा मान राखायला जे केलं होतं, ते फिरून फिरून पोरीच्या चाकाखाली आलं होतं.

"मी तर म्हणते, बदल," त्या पुन्हा म्हणाल्या.

"आई, तुझं काय ऐकायचं? तू उकळलेलं पाणी परत उकळतेस." लेक हसली. बुद्धी तिने बापाची उचलली होती. कागदावर छापलेलं आणि डोळ्यांनी दिसलेलं, याखेरीज तिसरं काही ती मानत नसे. "असं करू. रविवारी मी येते. बाबांच्या गाडीचं थोडं तेल काढून बघू. स्वच्छ निघालं, तर मी हात लावणार नाही. काळं निघालं, तर त्याच दिवशी बदलून टाकीन. चालेल?"

न्यायमूर्तींचा हात जाकिटाच्या खिशात गेला आणि तिथे हँडलाशी चाळा करू लागला.

"सीलबंद वस्तू उघडणं बरं नव्हे," ते अखेर म्हणाले.

"का? भीती वाटते?"

"मला? मी कशाला भिऊ?"

घाबरलाय बिचारा, सिस्टरांना वाटलं. काळं निघेल म्हणून घाबरलाय. आणि निघणार होतं ते सरबतासारखं लाल. बाप जिंकणार होता, पाहुण्यांना सांगायला जन्मभराचा विषय मिळणार होता, आणि पोर तशीच डोंगरात परत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायच्या आधी त्या बघाबुवाच्या गॅरेजात उभ्या राहिल्या. लोखंडी कपाटावर डबे, भिंतीला टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात एक इंजिन, जे सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हापासून उद्या बसवायचं होतं.

"मला काळं तेल हवंय," त्या म्हणाल्या.

बघाबुवाने हात पुसता पुसता थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "सिस्टर, लोक माझ्याकडे काळं काढायला येतात."

"गाडीत घालायचं नाही. नुसतं दाखवायचं. रविवारी आमची मुलगी येईल, साहेब येतील. तुम्ही गाडीखाली जा, बोल्ट सैल केल्यासारखं करा, आणि बाहेर येताना दुसराच ट्रे घेऊन या. काळा, जळका, वास मारणारा. तो पाहिल्याशिवाय ती तिच्या गाडीचं बदलायची नाही."

"आणि साहेबांचं काय? त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे. पोर सुखरूप राहिली तर मी त्यांची समजूत काढीन."

बघाबुवाने डोकं खाजवलं. "पण सिस्टर, एक सांगू का, कालच..." एवढं बोलून त्याने तोंड मिटलं, आणि तो पोट दुखल्यासारखा भाव पुन्हा चेहऱ्यावर आला.

"काल काय?"

"काही नाही. बघा बुवा, तुमच्यावर आहे."

"मला एक खरं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "तिच्या गाडीचं आता बदललं तर नीट होईल?"

"नीट होईल, नाहीतर जाईल. नाही बदललं तरी जाईल, पण सावकाश. बदलल्यावर गेला, तर लोक म्हणतात, बदलल्यामुळे गेला. न बदलता गेला, तर म्हणतात, वय झालं होतं. मी तिचं एकदम सगळं काढणार नाही. थोडं काढीन, थोडं घालीन, चालवायला सांगीन, मग पुन्हा थोडं. जुन्या माणसाच्या सवयी सोडवतात तसं."

"आणि कंपनी आयुष्यभर म्हणते ते?"

"कंपनी खोटं कुठे बोलते? कोणाचं आयुष्य, ते बघा ना. गिअरबॉक्सचं. तेल खराब झालं, गिअरबॉक्स मेला, म्हणजे त्याचं आयुष्य संपलं. तेल शेवटच्या श्वासापर्यंत पुरलं की नाही?"

हे तर्कशास्त्र ऐकून सिस्टरांना नवरा आठवला. निघता निघता त्यांचं लक्ष कपाटाखाली गेलं. तिथे वर्तमानपत्राने झाकलेला एक ट्रे होता. त्यांनी कागदाचा कोपरा उचलला. आत डांबरासारखं काळं, जळकट वासाचं तेल काठोकाठ भरलेलं.

"हे काय, तयारच आहे की तुमच्याकडे."

"हो," बघाबुवा खालच्या आवाजात म्हणाला. "तयारच होतं."

रविवारी सगळे गॅरेजात जमले. लेकीची गाडी बाहेर रस्त्याकडेला उभी होती, चिखलाने इतकी माखलेली, की मूळ रंग कोणता यावर सुनावणी घेता आली असती. न्यायमूर्तींची गाडी आत, फळ्यांवर चढवलेली. न्यायमूर्ती ठेवणीतलं जाकीट घालून आले होते. त्यांना बसायला बघाबुवाने एक टायर दिला. ते टायरावर असे बसले, की टायरालाच अवघडल्यासारखं झालं.

"सुरू करा," ते म्हणाले.

बघाबुवा पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. त्याचे फक्त बूट बाहेर राहिले. पाना बोल्टला लागल्याचा आवाज आला, मग काहीतरी सरकवल्याचा. लेक वाकून बघायला गेली, तसं सिस्टर आणि न्यायमूर्ती एकदमच म्हणाले, "तू मागे राहा, कपडे खराब होतील."

"मी काल म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला होता," लेक म्हणाली, पण मागे सरकली.

बघाबुवा बाहेर आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये डांबर. जळका वास गॅरेजभर पसरला. त्याने कोणाच्याही नजरेला नजर न देता ट्रे जमिनीवर ठेवला.

सिस्टरांनी चेहरा पाडायची तयारी केली होती, पण त्यांच्याआधीच न्यायमूर्ती उठले. त्यांनी ट्रेकडे जेमतेम पाहिलं.

"पुरावा स्पष्ट आहे," ते म्हणाले. "माझं म्हणणं चुकलं. पोरी, तुझ्या गाडीचं तेल आजच बदल. चला, चहा घेऊ."

"अगदी बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "चला."

लेक जागची हलली नाही. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. या माणसाने कधी चेंडू रेषेच्या आत पडला का बाहेर, हेसुद्धा तासभर युक्तिवाद केल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. तो आयुष्यातला एकमेव गाजलेला निकाल उभ्या उभ्या गमावून चहाला निघाला होता. आणि आई, जी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यात एक तरी दुरुस्ती सुचवायची, ती म्हणत होती, अगदी बरोबर.

मुक्या जनावरांशी बोलायची सवय असलेल्या माणसाला खोटं बोलणाऱ्यांचं फारसं नवल नसतं. तो सरळ दुखरी जागा शोधतो. लेक खाली बसली, गाडीखाली डोकावली आणि हात लांब करून परत आणला. तिच्या बोटावर एक थेंब होता. लाल, पारदर्शक, जवळजवळ सुंदर.

"मग हे काय ठिबकतंय?" तिने विचारलं.

बघाबुवाने फडक्याकडे पाहिलं, न्यायमूर्तींनी छताकडे. सिस्टरांनी कोणाकडेच पाहिलं नाही. कुठल्या क्षणी सुई टोचून मोकळं व्हायचं, हे त्यांना कळत होतं.

"ते खरं तेल," त्या म्हणाल्या. "ट्रेमधलं खोटं. मी सांगितलं होतं यांना ठेवायला. गाडीचं तेल मी बदलत आलेय. पहिल्यापासून. धुवायला देते म्हणून सांगायचे." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आणि आता लाल निघालं असतं, तर ही बदलायची नाही, म्हणून काळं ठेवायला सांगितलं. काय बोलायचं ते घरी जाऊन बोला."

न्यायमूर्ती परत टायरावर बसले. मग, साक्षीदाराला विचारावं तसं नव्हे, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू कधी बदललंस शेवटचं?"

"पावसाळ्याआधी."

"पावसाळ्याआधी," न्यायमूर्ती म्हणाले. "मग मी पावसाळा संपल्यावर कशाला बदललं?"

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या.

"ही गाडी चालवायला शिकत होती ना, त्या वर्षापासून," न्यायमूर्ती लेकीकडे बोट करून म्हणाले. "पुस्तिका, निकाल, सगळं आपल्या जागी ठीक आहे. पण ही एकटी गाडी घेऊन फाटकाबाहेर पडली आणि मला काही ते 'आयुष्यभर' पुरेसं वाटेना. तू ड्यूटीवर असताना घेऊन यायचो. तुला सांगितलं असतं, तर तू सासूबाईंना सांगितलं असतंस, आणि त्यांना तर तो निकाल पाठ होता; नवा टोमणा तयार झाला असता."

सिस्टर सावकाश बघाबुवाकडे वळल्या. "म्हणून दर वेळी लाल निघायचं."

"मी तरी काय करणार?" बघाबुवाचं पोट बहुधा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुखायचं थांबलं होतं. "तुम्ही म्हणायचात, साहेबांना कळता कामा नये. साहेब म्हणायचे, सिस्टरना कळता कामा नये. नवं कोरं तेल काढून नवं कोरं तेल घालायचं. अहो, अख्ख्या गावात इतके लाड झालेली गाडी नाही. दोघांना दर वेळी सांगत होतो, चांगलं आहे, राहू द्या. ऐकताय कोण? आणि या आठवड्यात दोघं वेगवेगळे येऊन सांगून गेलात, काळा ट्रे ठेव. साहेब आधी आले होते. मला वाटलं, आता तरी तुमचं ठरलं असेल."

"तुम्हीपण?" लेक बापाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच न्यायमूर्तींनी मान खाली घातली. "स्वतःच्या गाडीचं बदलत होतात, आणि मला सांगत होतात बदलू नको? मी चढावर मागे येत होते, बाबा."

"म्हणून तर बोलावत होतो. गाडी धुवायला." न्यायमूर्ती आपल्या बुटांशी बोलत होते. "दोन दिवस राहिली असतीस, तर तुला न कळता तुझंही बदलून दिलं असतं. तू एक दिवसही राहिली नाहीस."

"त्यापेक्षा फोनवर एक वाक्य बोलायचं होतं."

"तेच तर जमलं नाही," न्यायमूर्ती म्हणाले.

लेकीने बोटावरचा लाल थेंब फडक्याला पुसला. पुराव्याची तिला हौस होती, आणि असा पुरावा कोणाला मिळतो? ज्या दोन माणसांच्या शब्दावर ती वाढली, त्यांनी एकमेकांपासून लपून एकच गोष्ट केली होती. तिने बाबांकडे न बघता आपल्या गाडीची किल्ली काढली आणि बघाबुवाच्या हातावर ठेवली.

"थोडं थोडं करून बदला," ती म्हणाली. "गेला तर गेला. आज मी इथेच राहते."

"बघा बुवा," बघाबुवा म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने या वेळी गिळलं. "बदलू या."

सिस्टर नवऱ्याशेजारी दुसऱ्या टायरावर बसल्या. "तो केस कापणारा," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "त्याचं तेल खरंच जळलं होतं, असं म्हणत होता."

"म्हणत होता." न्यायमूर्तींनी मानेवरून हात फिरवला. "केस वाढलेतच. उद्या त्याच्याकडेच जातो. निम्मे कापून झाल्यावर खरं काय ते सांगतो. मध्येच सोडून जाणार नाही तो, धंद्याला मान देणारा माणूस आहे."

मग ते उठून उभे राहिले. जाकीट खाली ओढलं, घसा साफ केला. लेक गाडीशी थांबली, सिस्टरांनी वर पाहिलं, बघाबुवाने पाना खाली ठेवला. इतक्या वर्षांचा निकाल आता सगळ्यांसमोर फिरणार, याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. न्यायमूर्तींनी खिशात हात घातला.

"बघाबुवा," ते कुकरचं हँडल पुढे करत म्हणाले, "याला बसेल असा एखादा स्क्रू असेल का हो तुमच्याकडे? कंपनीचं उत्तर यायचंय अजून, पण हिचे हात भाजतात."